आहेस का?

हडर्सफील्ड. अठ्ठावीस फेब्रुवारी, रात्रीचे पावणेदहा.
कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावर
एक मी, एक क्लाइव्ह अ‍ॅक्रॉइड,
आणि नुसताच आवाज करणारा एक हीटर.

बारा वाजता कळणार,
कुणाच्या पोराला कुठली शाळा मिळाली ते.
साडेपाच हजार घरं तेवढ्यासाठी जागी.
गेल्या वर्षी एकच सर्व्हर होता,
बारा वाजून चार मिनिटांनी त्यानं मान टाकली.
सकाळी एका आईनं फोनवर जे सुनावलं
ते क्लाइव्ह अजून तिच्याच सुरात म्हणून दाखवतो.

म्हणून यंदा तीन.
आमच्यापैकी कुणीही न पाहिलेली तीन यंत्रं,
कुठल्याशा शेडमध्ये, तासाच्या बोलीवर घेतलेली.
त्यांच्यापुढे दारात बसवलेला लोड बॅलन्सर.
लोकांना पत्ता फक्त त्याचा.
येईल त्याला म्हणायचं, तू इकडे, तू तिकडे,
ना ओळख, ना वशिला.
आणि दर पाच सेकंदांनी मागे वळून विचारायचं,
आहेस का?
यंत्रानं म्हणायचं, आहे.
दोनदा उत्तर आलं नाही
की नावापुढे लाल ठिपका,
त्याच्या वाट्याचं उरलेल्यांच्या डोक्यावर.
का गप्प झालं, हे बघायला कुणी जात नाही.

तिसरं लाल.
आत शिरून पाहिलं, तर धडधाकट.
पान उघडतंय, मेमरी रिकामी,
घरच्या कार्यात कुणी काम सांगत नाही
म्हणून कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखं.
बाकीची दोन चाचणीतच नव्वद टक्क्यांवर धापा टाकत.

"जिवंत आहे, तर बोलत का नाही?" क्लाइव्ह.
"विचारलेलं त्याला ऐकू तर गेलं पाहिजे."

फायरवॉलचे नियम वरून खाली वाचत आले.
सातवा: अनोळखी पत्त्यावरून काहीही आलं, तर दार बंद.
लिहिणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव.
नोव्हेंबरातलं, घाईतलं,
तेव्हा शहाणपणाचं वाटलेलं.

मिरजेत आता पहाटेचे चार.
उल्का उठली असेल बाबांना कुशीवर वळवायला.
दर दोन तासांनी. उजवी, मग डावी.
भार एका जागी राहिला की कातडी फाटते,
डॉक्टरांनी सांगितलंय.
दुसऱ्या कुणाच्या हातून ते पाणीही घेत नाहीत.
आमच्या कामात याला स्टिकी सेशन म्हणतात,
सेटिंगमध्ये चौकोन असतो, खूण काढली की सुटतं.

जानेवारीत मी तिला म्हटलं होतं, मला काही कळवत का नाहीस?
ती म्हणाली, "तूच सांगितलंस ना?
ऑफिसच्या वेळात नको, रात्री झोपमोड नको,
रविवारी ईशानची मॅच."
रागानं नाही. वाणसामानाची यादी वाचावी तसं.
पैसे मात्र एक तारखेला बिनचूक पोचतात.
त्यावरून मी धरून चालले होते
की माझा ठिपका हिरवा असणार.

सातव्याच्या वर एक ओळ घातली:
विचारणाऱ्याला आत येऊ द्या.
पाच सेकंद. दहा.
हिरवा.
क्लाइव्हनं बिस्किटांचा पुडा पुढे केला, त्यात चुराच जास्त.

बाराला आले सगळे, एकदम.
आलेख भिंतीसारखा उभा राहिला
आणि तीन ठिकाणी उतरला:
त्रेचाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस.
हवी ती शाळा मिळाली की नको ती,
ते आमच्या हातात नाही. पान उघडलं.

साडेबाराला जिन्यात येऊन फोन लावला.
"काय गं? काय झालं?"
माझा फोन म्हणजे काहीतरी बिघडलेलंच असणार.
"काही नाही. आहेस का, एवढंच विचारायला."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
मग, "थांब, सहा वाजले. बाबांना वळवते आधी."
फोन तिनं ठेवला नाही.
मी पायरीवर बसून ऐकत राहिले,
उशी ओढल्याचा आवाज,
तिचं "हं, आता इकडे", त्यांचं कण्हणं,
आणि एक तारीख लागली होती,
पैसे निघाल्याचा मेसेज कानाशी थरथरून गेला.